मयताचं खातं

"आमच्यात कुणी वारलं, तर पैसे किती दिवसांत मिळतील?" डोरीनबाईंनी विचारलं.

"नव्वद दिवसांच्या नोटिशीनंतर," माझा बॉस ग्रॅहम म्हणाला. बाईंनी समोरची फाइल बंद केली.

गोष्ट २००६ च्या सुमाराची. लंडनमधल्या आमच्या फर्ममध्ये मी संस्थांचे पैसे गुंतवायचं काम करायचे. डोरीनबाई ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी समाजाच्या ट्रस्टच्या अध्यक्ष. त्यांच्या जमिनीवर खाण होती आणि निघालेल्या मालावर कंपनी ट्रस्टला ठरलेला वाटा द्यायची. हीच रॉयल्टी. खाण कधीतरी संपणार, म्हणून नातवंडांसाठी पैसा राखायला हवा. त्यासाठी ग्रॅहमचा प्लॅन चांगलाच होता: सगळी रक्कम दहा वर्षं लॉक, मधेच काढायची तर नव्वद दिवस आधी नोटीस.

बाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांच्याकडे मयताला सगळे नातलग जमावेच लागतात, शेकडो मैलांवरून. गाड्या, पेट्रोल, सगळ्यांचं जेवणखाण. ट्रस्टचे पैसे सांभाळणाऱ्या आधीच्या मॅनेजरने पैसे अडवले, तेव्हा त्यांच्या बहिणीला निम्म्या माणसांविना पुरावं लागलं होतं.

ग्रॅहमने कॉफी ब्रेक घेतला. कॉरिडॉरमध्ये मला म्हणाला, भावनांवर पोर्टफोलिओ बनत नाही. मला रागच आला. लंडनच्याच स्टॅनमोर भागातल्या आमच्या मराठी मंडळाची मी खजिनदार होते. भारतात कुणाचं बरंवाईट झालं, की तिकिटाचे पैसे आम्ही त्याच दिवशी द्यायचो. त्याचं खातंच वेगळं होतं. फॉर्म नाही, कमिटी नाही. दोन ज्येष्ठ बायका चेकवर सही करायच्या. माणसं सवडीने पैसे परत भरायची.

"असंच करू," मंडळाच्या खात्याबद्दल सांगून मी ग्रॅहमला म्हटलं. "प्रत्येक रॉयल्टीतला थोडा भाग आधी साध्या बँक खात्यात. बाकीचा तुझ्या प्लॅनमध्ये."

"त्या खात्यावर आपल्याला फी किती?"

"शून्य. आणि क्लायंट उठून गेला, तर सगळ्यावरच शून्य."

फीची भाषा त्याला लगेच कळायची.

आत जाऊन मी सगळं मांडलं. बाईंनी एकच विचारलं, "सही कुणाची?"

"तुमच्यातल्या दोघींची. आमची लागणार नाही."

घरच्यांना विचारून सांगते म्हणाल्या. पंधरवड्याने होकार आला.

पुढच्या वर्षी त्यांचा फोन आला. थोरले दीर गेले होते. लांबलांबची माणसं पोचली होती. मी सवयीने विचारलं, "आमच्याकडून काही मंजुरी हवीय का?"

"नाही गं. पैसे कालच काढले. वाईट वाटतंय, म्हणून फोन केला."

मग आम्ही बराच वेळ दिरांबद्दल बोललो.

पैसा लगेच हाती येण्याला आमच्या धंद्यात लिक्विडिटी म्हणतात. माझं मत असं, की दारात मयत असताना मॅनेजरची परवानगी लागत असेल, तर त्याला लिक्विडिटी सोडून दुसरं काहीही म्हणावं.