जनीची बाटली

हे मी आत्याला सांगितलेलं नाही. संस्थेत सांगितलेलं नाही. ज्या समुपदेशक ताईंसमोर मी एरवी सगळं ओकते, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि हे कारणही फारसं बरं नाही, कळतंय मला.

मी पत्रकं लिहिते. भिवंडीत लूमच्या कारखान्यांत, रिक्षा स्टँडवर एचआयव्हीची जी पत्रकं वाटली जातात, त्यातली बरीचशी माझी. 'लाज आजाराची नाही, लाज वाळीत टाकणाऱ्यांची!' – हे माझं वाक्य. उद्गारचिन्हासकट. मुकादम कामावरून काढतो, सासरचे ताट वेगळं करतात, दवाखान्यात नावाऐवजी आजारानं हाक मारतात – या सगळ्यांवर मी चिडू शकते, माइक असो नसो. चिडणं मला येतं. हे लिहिणं येत नाहीये.

माझ्यात एचआयव्ही जन्मापासून आहे. आईकडून आला. आई गेली, आत्यानं वाढवलं, गोळी कधी चुकू दिली नाही. आज चोवीस वर्षांची आहे, ठणठणीत आहे. म्हणून तर संस्थेत हे काम मिळालं. ज्यांना नुकतं कळलंय आणि जे दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरतात, त्यांना हाताला धरून आत न्यायचं. आमची पद्धत साधी. पहिल्या दिवशी भाषण द्यायचं नाही. आपली स्वतःची गोळ्यांची बाटली काढायची, समोरच्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं – ही माझी. बस. माझ्या सगळ्या पत्रकांनी मिळून जे होत नाही, ते त्या बाटलीनं होतं.

जनीच्या हातात मी ती अशीच दिली होती.

जनी कोन गावापलीकडच्या पाड्यावरची. कशेळीच्या गोदामात खोकी भरायला जायची. नवरा वारलेला. दवाखान्याबाहेर चिंचेखाली बसून राहिली होती, आत येईना. तिनं बाटली हलवली, लेबलावरून बोट फिरवलं – वाचता येत नव्हतं – मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुला हाय?"

"आहे. लहानपणापासून."

"आन् तू एवढी जाडी?"

आणि हसली. उठली. आत आली.

तीन महिने ती तारखेला चुकली नाही. मीच तिला न्यायचे, मीच आणायचे. एक गोष्ट मात्र तिला कधी शिकवली नाही. माझ्या बाटलीत मी कापूस कोंबते. कोनला आम्ही भाड्यानं राहतो, घरमालकिणीला कळायला नको. गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून. दवाखान्याच्या दारात कापूस काढायचा, निघताना परत घालायचा. 'लपवू नका' असं लिहिणारीनं हे दुसरीला कोणत्या तोंडानं शिकवायचं?

मुद्द्यावर येते म्हणते आणि येत नाही. येते.

गणपती नुकते गेले होते. दुपारी धामणकर नाक्यावरून कोनची शेअर रिक्षा धरली. एका बाजूला जनी, मध्ये मी. तिसऱ्या जागेवर येऊन बसली मंदामावशी – आमची घरमालकीण. रिक्षा खड्ड्यातून उडाली की जनीची पिशवी खुळखुळायची.

"काय गं बाय, खुळखुळा घेतलास? कुनाला पोर झालं?" मावशीनं थट्टेत विचारलं.

मावशी माझ्या ओळखीची, म्हणजे आपल्यातलीच – असं जनीला वाटलं असणार. तीही थट्टेतच बोलली.

"पोर कुठलं? गोळ्या हायेत. आमी दोघी येकच गोळी खातो. मी आन् ही ताई."

मावशी माझ्याकडे वळली. "कसली गं गोळी?"

काय अवघड होतं? रक्तवाढीची म्हणता आलं असतं. अर्ध्या बायका घेतात. मी म्हणाले –

"मला काही नाही मावशी. हिला एड्स आहे. मी संस्थेतून आलेय, ड्युटी आहे माझी."

एड्स म्हणाले. जो शब्द असा फेकू नका म्हणून मी लोकांना शिकवते. दुसऱ्याचा आजार त्याच्या परवानगीशिवाय सांगणं गुन्हा आहे – हे माझ्याच पत्रकात, मागच्या पानावर, जाड ठशात.

मावशीनं पदर आवरला. रिक्षा वाटेत थांबल्यावर उतरून पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. जनीनं पिशवी दोन्ही हातांनी मांडीत दाबून धरली होती.

कोनला उतरल्यावर मावशी पुढे निघून गेली. जनी माझ्यासमोर उभी राहिली.

"तू खोटं कवा बोललीस – बाटली दिलीस तवा, का आत्ता?"

भांडायला विचारलं नाही तिनं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी मोबाइल काढला, कानाला लावला. कुणाचाही फोन आलेला नव्हता.

पुढच्या तारखेला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. अशा वेळी घरी जायचं असतं, तो आमचा नियम. माझ्या खोलीपासून तिचा पाडा चाळीस मिनिटं चालत. मी गेले नाही. दिवाळी झाल्यावर रजिस्टरात लिहिलं – 'वीटभट्टीवर स्थलांतर'. दिवाळीनंतर पाड्यांवरची घरंच्या घरं भट्ट्यांवर जातात, अशी नोंद कुणी तपासत नाही. सही केली. नाव आमच्या यादीतून निघालं. खोली जाईल म्हणून केलं का हे सगळं? खोली गेली असती का? कदाचित नसती. सही करताना काही वाटलं नाही. त्याच आठवड्यात नवं पत्रक लिहिलं, आदिवासी पाड्यांपर्यंत उपचार न पोहोचवणाऱ्या यंत्रणेवर. चांगलं जमलं होतं.

होळीच्या आधी जनीची भावजय संस्थेत आली. दारातच उभी राहिली.

"कोनची ताई तूच का? जनी गेली. खोकून खोकून."

त्या वर्षी ते भट्टीवर गेलेच नव्हते. जनीला उठवत नव्हतं म्हणून.

तिनं पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली. "ताईला दे म्हनली. ती लपून खाते, तिला कमी पडाया नको."

मी बाटली हलवली. आवाज आला नाही. झाकण उघडलं. गोळ्यांवर लुगड्याची चिंधी कोंबलेली होती.

भावजयीला पाणी विचारलं. नको म्हणाली, गेली. मग जेवायची वेळ झाली होती. मी डबा खाल्ला. सगळा.

रजिस्टरात जनी अजून भट्टीवर आहे.

गेल्या आठवड्यात धामणकर नाक्यावर पत्रकं वाटत होते. मंदामावशी भाजी घेऊन चालली होती. थांबली, एक पत्रक घेतलं, लाजेचं वाक्य मोठ्यानं वाचलं. मग माझ्या गालावरून हात फिरवला.

"दुसऱ्यांसाठी किती करतेस गं पोरी. तुला हा रोग न्हाय, मला न्हाय, तरी उन्हात उभी ऱ्हातेस."

मी म्हणाले, "हो मावशी."