सोलापुरात न दाखवायचा सिनेमा

आमचा सिनेमा अडीच मिनिटांचा होता. सिनेमा कसला, एका रहस्यपटाची नुसती सुरुवात. पण त्या अडीच मिनिटांपायी माझं कॉलेज गेलं, म्हणून सांगते.

कॉलेजात जाणारी आमच्या गल्लीतली मी पहिली मुलगी. नायना, म्हणजे माझे वडील, चादरीच्या कारखान्यात माग चालवायचे. फॉर्मवर सही करताना ते एवढंच म्हणाले होते, की तुझ्याबद्दल एक शब्द जरी कारखान्यात माझ्या कानावर आला, तर त्या दिवशी कॉलेज बंद. नायना धमकी देणाऱ्यांतले नव्हते. जे बोलायचे ते करायचे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांचा सात रस्ता चौकात फोटो स्टुडिओ होता आणि त्यांच्याकडे हातात मावणारा आठ मिलिमीटरचा सिनेमाचा कॅमेरा होता. मुलगा-मुलगी नुसते बोलत उभे राहिले तरी बोभाटा व्हायचा ते दिवस. म्हणून राखीपौर्णिमेला मी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईसमोर, त्याला राखी बांधली. अशा राख्या तेव्हा पुष्कळ बांधल्या जायच्या. राखीचा भाऊ म्हटलं की लोकांची तोंडं गप्प. मी मात्र मनापासून बांधली होती, कारण मला भाऊ नव्हता.

गोष्ट माझी होती. सकाळचा रिकामा रस्ता, एक बाई पिशवी घेऊन चाललीय. तिच्या मागून सायकलची सावली येते. ती भरभर चालते, सावलीही भरभर येते. ती एकदम वळून बघते, तर सायकल रस्त्यात आडवी पडलेली, चाक गरगर फिरतंय आणि माणूस कुठंच नाही. पुढं काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला आणि त्यानं बाही वर करून तो मला दाखवला.

गावाबाहेर कुंभारीच्या रस्त्यावर आम्ही शूटिंग केलं. दुसरी कुठली मुलगी यायला धजली नसती, म्हणून बाई मीच झाले. पडलेल्या सायकलच्या चाकाला गती देऊन चौकटीबाहेर उडी मारायचं कामही माझंच. रीळ एकच असल्यामुळं कॅमेरा बंद ठेवून आधी वीसेक वेळा तालीम केली. माझं कोपर सोलून निघालं आणि पदर बाभळीत फाटला. शेवटी एका पाटीवर खडूनं नावं लिहून तीही टिपली. माझं नाव नको, असं मीच म्हणाले. त्यामुळं कथा आणि दिग्दर्शन यांच्यापुढं त्याचं एकट्याचं नाव आलं. नाव झाकता आलं तरी तोंड झाकता येत नव्हतं. म्हणून मी अट घातली, की हा सिनेमा सोलापुरात दाखवायचा नाही. राखीच्या हाताची शपथ घेऊन तो हो म्हणाला.

रीळ धुवायला पोस्टानं मुंबईला गेलं. ते परत येईपर्यंत आम्ही वितरणाची योजना आखली. बाजारात तुरी, आणि आमची वही भरत चाललेली. पहिलं गाव दुधनी, तिथून पुढं कानडी मुलूख. आमच्या सिनेमात बोलणंच नव्हतं, तेव्हा तो कानड्यांनाही कळणार आणि मराठी लोकांनाही. तंबूच्या टॉकीजमध्ये मध्यंतरात तो दाखवायचा, लोक पुढं काय झालं म्हणून ओरडले की मालक स्वतःहून म्हणेल, पुरा करा. ही सगळी अक्कल माझी. आज हसू येतं, पण तेव्हा मला रात्री झोप लागत नव्हती.

रीळ आलं. कॉलेजच्या वेळात पॅसेंजर धरून आम्ही दुधनीला गेलो. तंबूच्या मालकानं डबी उघडली, फीत दोन बोटांत धरली आणि हसायलाच लागला.

"हे बारकं हाय की वो! माजं मशीन सोळाचं, तुमचं रीळ आठाचं. कसं चढंल?"

महिनाभर गावांची यादी करणाऱ्या आम्हा दोघांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी रडले. तो खिडकीबाहेर बघत राहिला. आठाचं मशीन आम्हाला ठाऊक होतं ते एकाच ठिकाणी, त्याच्या वडिलांच्या स्टुडिओत.

तीन आठवड्यांनी वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "काल तुला सात रस्त्याला बघितलं की, पडद्यावर!" मी तशीच स्टुडिओवर गेले. दाराशी पांढरी चादर ताणलेली आणि वर पाटी: लग्नाची फिल्म काढून मिळेल. दिवेलागणीला मी त्या चादरीवर चालत होते, वळून बघत होते, आणि रस्त्यावरचे लोक सायकली थांबवून मला बघत होते.

"शपथ घेतली होतीस तू," मी म्हणाले.

"अगं, किती लोक थांबतात बघ तरी. बाबा पहिल्यांदा मला शाबास म्हणाले."

"आत्ता बंद कर."

"उद्यापासून करतो."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि मी मूर्ख, त्याच्या 'उद्यापासून'वर विश्वास ठेवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नायना कारखान्यातून आले ते चपला न काढताच दारात उभे राहिले. मला म्हणाले, चल. स्टुडिओत मशीन चालूच होतं. पडद्यावरच्या मला त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि मग त्याला विचारलं, "माज्या पोरीला हितं कशाला लावलाय?"

त्यानं लगेच हात वर केले. "काका, मी फक्त बटण दाबलं. गोष्ट तिची, सगळं तिचंच डोकं. तीच मागं लागली होती."

नायना माझ्याकडं वळले आणि आमच्या घरच्या तेलुगूत म्हणाले, "निजमेना?" खरं का?

नाही म्हणाले असते तर कॉलेज कदाचित वाचलं असतं. यानंच मला नादी लावलं म्हटलं असतं, तर नायनांनी ते मानलंही असतं. पण मागं लागले हे सोडलं, तर तो बोलला ते खरं होतं. इतक्या दिवसांत माझ्या गोष्टीला कुणी मोठ्यानं माझी म्हटलं नव्हतं. ती नाकारायला माझी जीभ रेटेना. मी हो म्हणाले.

मशीनच्या खरखरीतही त्यानं सोडलेला सुटकेचा श्वास मला ऐकू आला.

नायनांनी त्याच दिवशी कॉलेज बंद केलं. त्यांचा राग मला कधी आला नाही, त्यांनी आपला शब्द पाळला होता. त्या श्वासाचा राग मात्र अजून गेलेला नाही.