दादांची घरची साइट

आमचे दादा, माझे वडील, म्हणजे कडूबा मिस्त्री. भोकरदनमधी कैक घरं त्यांच्या हातची, अन् आमच्याच घराला आजून गिलावा न्हाई! माझी आई, तुळजाबाई, लग्नापासून स्वयंपाकाचा ओटा मागून राह्यली.

गुडघे गेले तव्हा दादांनी धंदा माझ्या बायकोच्या, सुरेखाच्या हाती दिला. मला न्हाई. "कल्याण, तू गिऱ्हाइकापुढं नुसती मान हालवतो," म्हणले. खरंय ते. सुरेखानं एका साइटीच्या तीन केल्या. दादा गावभर सांगायचे, "आता मालकीण तीच." अन् रोज सकाळी काठी टेकीत साइटवर हजर!

हसनाबादच्या घराचं दार सुरेखानं पूर्वेला सांगितलं. ती वळली की दादा म्हणले, "हॅट्, उत्तरेला घ्या." भिंत दोनदा फोडली. शेवटी धर्मराज मिस्त्री तिला म्हणला, "वैनी, एक तर तुम्ही सांगा, न्हाई तर त्यांनी. न्हाई तर मी माझी माणसं घेऊन चाललो."

धर्मराज गेला असता तर तिन्ही कामं बसली असती. मी गप बसलो. त्या कामात मी हुशार हाये. सुरेखा चहा घेऊन दादांपुढं गेली.

"मामा, एक साइट अडलीय. तुमच्याबिगर व्हायची न्हाई."

दादा ताठ झाले. "कोणती?"

"आपलं घर. तिथं मी तोंड घालणार न्हाई. गिऱ्हाईक आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी धर्मराजनं दादांच्या सांगण्यावरून ओटा घातला. आई म्हणली, "उंच झाला." उतरवला. "आता कंबर मोडती माझी." दादा तंबाखू आणायला गेले, तेवढ्यात आईनं धर्मराजला ओटा फोडून खिडकीखाली घ्यायला लावला.

दादा आले अन् भडकले, "अगं, एका कामावर दोन तोंडं चालत्यात का कुठं?"

बोलले अन् स्वतःच थबकले. मी भिंतीकडं तोंड करून हासलो. मंग दादांनी फोन लावला, "सुरेखा, जल्दी ये बाई. तूच सांग काय ते."

तिनं येऊन आईला उभं केलं, कोपराच्या मापानं भिंतीवर खडूची रेघ मारली. धर्मराजनं सवयीनं दादांकडं पाह्यलं, "बराबर हाये का?"

दादांनी तोंड उघडलं. मंग त्यात तंबाखूची चिमूट टाकली अन् मिटून घेतलं. काठीनं सुरेखाकडं दाखवलं.