सुमतीबाईंचं कृष्णकमळ

आमच्या शेजारच्या आजोबांइतकं दुसऱ्यांच्या नात्यागोत्यात नाक खुपसणारं माणूस इथे अमेरिकेत आमच्या अख्ख्या वेस्ट विंडसर गावात सापडणार नाही. मुलांनो, ही नाती माणसांची नव्हेत, झाडांची. तीही मेक्सिकोपासून खाली ब्राझीलपर्यंतच्या जंगलांतल्या झाडांची. कोण कुणाचं सख्खं, कोण चुलत, कोण उगीच दुसऱ्याच्या घरात शिरलेलं, हे ठरवण्यात या वनस्पतिशास्त्रज्ञाचा जन्म गेला. स्वतःच्या मावसभावाला मात्र परवा एका लग्नात त्यांनी ओळखलं नाही. एकदा मी रस्साभाजी वाढली, तर ताट न्याहाळत म्हणाले, "वहिनी, बटाटा, टोमॅटो, मिरची, सगळी एकाच कुळातली. भावंडांना एकत्र फोडणी दिलीत!" मी म्हटलं, "भावजी, निदान कढईत तरी ती भांडत नाहीत."

तरुणपणी त्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका रानटी कृष्णकमळाला नवी जात ठरवून बायकोचं, म्हणजे सुमतीबाईंचं, नाव दिलं होतं. पुढे सुमतीबाईंनी दागिन्याचा विषय काढला की, "तुझ्या नावाचं फूल आहे, आणखी काय हवं?" हे उत्तर ठरलेलं. यंदा त्यांनीच त्याचा डीएनए तपासला, आणि ती नवी जात नव्हतीच. तिला आधीच कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं. त्यांच्या शास्त्रात पहिलं नाव टिकतं, दुसरं बुडतं. तसा पेपर त्यांनी प्रामाणिकपणे लिहून पाठवलाही, पण घरी सांगायची छाती होईना. रोज आमच्याकडे चहाला येऊन, "वहिनी, तुम्हीच सांगा ना!" शेवटी मीच त्यांना त्यांच्या घरी घेऊन गेले आणि विषय काढला.

सुमतीबाई फुलके भाजत होत्या. सगळं ऐकून घेतलं, फुलका उलटला आणि म्हणाल्या, "अहो, ते नाव तुमच्या आईंनी लग्नात ताटातल्या तांदळांवर लिहिलेलं. मला कुणी विचारलं होतं? बुडालं ते तुमच्या घरचं बुडालं. माझं इंदू."

आजोबांना ते माहेरचं नाव ठाऊक होतं, पण त्या नावाने त्यांनी कधी हाक मारली नव्हती. "नवी जात मिळाली तर इंदूच ठेवीन," ते पुटपुटले.

"आधी नीट तपासा म्हणजे झालं!"

आता डॉक्टर त्यांना जंगलात जाऊ देत नाहीत. म्हणून वाळवून ठेवलेल्या जुन्या फांद्यांमध्येच ते एखादं वेगळं फूल शोधत बसतात, सावकाश, पुन्हा चूक नको म्हणून. मिळेल की नाही, कोण जाणे. काल मी अंगणात होते, तेव्हा त्यांच्या उघड्या खिडकीतून हाक ऐकू आली, "इंदू!"

पहिल्या हाकेला ओ आली नाही. दुसरीला आली.