मर्विनची फ्लॉपी

वटार गावच्या क्लिफर्डइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही. तीस वर्षं त्याने लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवले, केळीची बाग सांभाळली आणि त्यातली सत्तावीस वर्षं धाकट्या भावाची एक फ्लॉपी जपली. भाऊ मर्विन त्याच बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. त्याची मुलगी जेनिशा वर्षाची असताना तो अपघातात गेला. फ्लॉपीवर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जेनिशाचं लग्न'.

कीबोर्डच्या फ्लॉपीत आवाज नसतो. कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली, तेवढंच असतं. कीबोर्ड ते जसंच्या तसं पुन्हा वाजवतो. क्लिफर्ड म्हणायचा, "त्यात माझ्या भावाची बोटं आहेत." वाजवली की फ्लॉपी झिजते, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. म्हणून ती फक्त जेनिशाच्या लग्नात वाजवायची, असं त्याने ठरवून टाकलं. मी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा. शंभरदा सांगितलं, बाबा रे, आपल्या खाऱ्या हवेत या वस्तू टिकत नाहीत, दुसरीवर उतरवून घेऊ. ऐकेल तर शपथ! सत्तावीस वर्षं ती बिस्किटांच्या डब्यात पडून राहिली.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा कुठे तो डबा घेऊन माझ्याकडे आला. फ्लॉपीची झडप सरकवली, तर आत चकतीवर पांढरी बुरशी. त्याचा चेहरा बघून माझा सगळा राग पळाला. स्पिरिटचा बोळा फिरवण्यात दुपार गेली.

संध्याकाळी त्याच्या घरी जुन्या कीबोर्डात फ्लॉपी घातली. जेनिशा शेजारी उभी होती. बापाचा आवाज तिला आठवत नाही. निदान त्याचं वाजवणं तरी ऐकायला मिळावं, एवढीच तिची इच्छा. दोनदा नुसती खरखर झाली. मी फ्लॉपी काढून पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा फ्लॉपी वाचली गेली.

ठेका सुरू झाला, मागचे सूर आले. क्लिफर्ड मांडीवर ताल धरून हसत होता आणि डोळे पुसत होता. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. नुसती साथच चालली होती.

"काका, पपा कधी सुरू करणार?" जेनिशाने विचारलं.

क्लिफर्डचा हात थांबला. गाणं संपेपर्यंत तो कीबोर्डच्या पट्ट्यांकडे बघत राहिला.

"गाण्याची चाल भरलीच नाही गं त्याने," तो म्हणाला. "ती तो तुझ्या लग्नात स्वतः उभा राहून वाजवणार होता."