ऊसतोडीच्या चिठ्ठ्या आणि आमची स्क्रिप्ट

चार माणसं रोज एका खोलीत बसली आणि त्या खोलीत एक कॉम्प्युटर असला, की किस्से आपोआप साठतात. रस काढल्यावर चिपाडं साठावीत तसे. कोणी मुद्दाम गोळा करत नाही आणि कोणी उचलून टाकतही नाही. वसमतला खताच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत ते असेच साठले. आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

खोलीचे मालक दिगंबरभाऊ, इंजिनिअर. त्यांनी जवळच्या एका साखर कारखान्यासाठी प्रोग्राम केला होता. कोणी ऊस कधी लावला, कोणत्या जातीचा, नवी लागण की खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला, हे सगळं त्यात भरायचं. मग कोणाचा ऊस कोणत्या पंधरवड्यात तोडायचा हे प्रोग्राम ठरवायचा आणि तशा चिठ्ठ्या छापायचा. चिठ्ठी निघाली की तोडणाऱ्यांची टोळी शेतात उतरते. चिठ्ठी उशिरा निघाली की ऊस उभ्या उभ्या वाळतो.

प्रोग्राम लिहायच्या वंदनाताई, कुरुंद्याच्या सूनबाई. मशीन, वायरी आणि कारखान्याच्या चकरा शंकर राठोडकडे. तो कळमनुरीकडच्या तांड्यावरचा. आणि मी शिरड शहापूरचा. नववीतच शाळा सुटली होती, पण टायपिंग येत होतं, म्हणून नोंदी भरायला मला ठेवलं होतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला शब्द सुचत नाहीत. कीबोर्डशी बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला जमलं.

*

पहिल्या हंगामात वंदनाताईंनी खोडव्याची एक चूक दुरुस्त केली. खोडवा ठीक झाला. पुढच्या आठवड्यात डोंगरकड्याचे एक काका धापा टाकत जिना चढून आले.

"माझा ऊस कुठं हाय?"

ताईंनी नाव टाकून बघितलं. नव्हतं. शेजारच्याचं बघितलं, तेही नव्हतं. खोडवा सुधारताना आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला सगळा ऊस, प्रोग्राममधून गायब झाला होता.

"काका, सापडत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या.

काकांनी स्क्रीनकडे वाकून बघितलं. "ताई, पाच एकर हाय तो. ल्हान न्हाई. नीट बघा."

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे शेतकी अधिकारी आले. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. ते खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत.

"पुढच्या हंगामाची मोळी पडायच्या आधी मी स्वतः येऊन बघणार. एक जरी नाव इकडचं तिकडं झालेलं दिसलं, तर आमचे कारकून हाताने लिहायला बसतील. तुमचं काम बंद."

उसाची पहिली मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस टाकायच्या पट्ट्यावर, पडली की कारखाना सुरू होतो. तो कारखाना आमचं एकुलतं एक गिऱ्हाईक होता. तो गेला तर खोलीला कुलूप लागणार होतं आणि मी परत गावी हळद शिजवायला जाणार होतो.

*

मग दिगंबरभाऊंनी मला शेल स्क्रिप्ट, म्हणजे मशीनने ओळीने करायच्या कामांची यादी लिहायला शिकवली. "ताई काही नवं करतील, त्याने जुनं बिघडलं नाही ना, हे रोज बघायचं," ते म्हणाले. "माणसाने बघितलं तर डोळे थकतात. मशीनला बघू दे."

मागच्या वर्षीच्या सगळ्या नोंदी घेतल्या. त्यांचे बरोबर निकाल हाताने तपासून वेगळे ठेवले. स्क्रिप्ट एकेक नोंद प्रोग्रामला द्यायची, आलेला निकाल ठेवलेल्या निकालाशी ओळीने ओळ ताडायची, आणि जुळला तर 'ठीक', नाही तर 'फरक' असं लिहायची.

पहिल्याच दिवशी सगळं ठीक. भाऊंनी भजी मागवली. आठवडाभर सगळं ठीकच येत राहिलं. मी खूश होतो. मग एका दुपारी वंदनाताईंनी माझ्या स्क्रीनकडे बघितलं.

"काय तपासून राहिला रे?"

"प्रोग्राम, ताई."

"प्रोग्राम तर मी सकाळपासून दुरुस्तीला काढून ठेवला. तिथं न्हाईच तो."

आणि स्क्रीनवर येतच होतं, ठीक, ठीक, ठीक. पहिल्या दिवसापासून फोल्डरचा रस्ता चुकला होता. स्क्रिप्ट दोन्ही बाजूंना रिकाम्या फाइल बनवत होती आणि रिकामी फाइल रिकाम्या फाइलशी ताडून बघत होती. भाऊ डोकं धरून बसले.

शेवटी शंकर म्हणाला, "भाऊ, प्रोग्राम नसला की एक बी चूक न्हाई. साहेबांना असंच देऊन टाकू."

तेव्हापासून आमची एक रीत पडली. सकाळी आल्यावर एक नोंद मुद्दाम बिघडवायची. स्क्रिप्टने 'फरक' म्हटलं, तरच तिच्यावर विश्वास ठेवून पुढचं काम. शिवाय चालू असलेल्या नोंदीचं नावही ती स्क्रीनवर दाखवायला लागली.

*

त्या नावांनी वेगळीच पंचाईत केली.

शेतकरी वारला तर चिठ्ठी वारसाच्या नावाने निघायला हवी. हे तपासायला एक मयत शेतकरी लागत होता. मागच्या वर्षीच्या नोंदींत कोणी मयत नव्हतं. वंदनाताईंना एकाच माणसाचा गट नंबर, लागणीची तारीख आणि वारस तोंडपाठ होते, ते म्हणजे त्यांचे सासरे. ताईंनी त्यांनाच मयत करून टाकलं. टेस्टपुरतं.

भाद्रपदात एकदा सासरे वसमतच्या बाजाराला आले आणि सुनेची कचेरी बघायला वर आले. पांढरं धोतर, कडक टोपी, कमी बोलणारा माणूस. ताई चहा सांगायला खाली गेल्या होत्या. सासरे माझ्यामागे उभे राहिले. स्क्रिप्ट चालूच होती. मला ती थांबवायचं सुचलं तोवर ओळ येऊन गेली होती.

'आत्माराम, कुरुंदा. मयत. ठीक.'

माझे हात कीबोर्डवरच राहिले. ताई दारात आल्या, त्यांनी सासऱ्यांची नजर कुठे आहे ते बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

सासऱ्यांनी वाकून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "कव्हा?"

मी ओळ पुसायला कळ शोधू लागलो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वारस कोन लावला? थोरला का धाकटा?"

"थोरले," ताई कशाबशा म्हणाल्या.

"मंग बराबर हाय," ते म्हणाले आणि चहा प्यायला बसले.

*

प्रत्येक निकालाच्या डोक्यावर प्रोग्राम आजची तारीख छापायचा. त्यामुळे दिवस बदलला की सगळ्याच नोंदींना फरक यायचा. भाऊ पुण्याला गेले होते, विचारायची सोय नव्हती. शंकरने उपाय काढला. रोज सकाळी मशीनचं घड्याळ मागे न्यायचं, ज्या दिवशी बरोबर निकाल काढून ठेवले त्याच दिवसावर. तपासणी झाली की पुन्हा आजवर आणायचं.

उपाय चांगला होता. पण माणूस मागे न्यायला विसरत नाही, पुढे आणायला विसरतो.

दिवाळी तोंडावर आली होती. कारखान्यात आमच्या मशीनवरून छापलेल्या नमुन्याच्या चिठ्ठ्या गेल्या. तासाभरात साहेबांचा फोन. भाऊ परतले होते, त्यांनी उचलला. आम्ही तिघं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. भाऊ नुसतं "हो साहेब, हो साहेब" करत होते.

फोन ठेवून ते वळले. "साहेब विचारतात, आमच्याकडं दिवाळी आली. तुमच्याकडं अजून पोळाच चालू हाय का?"

नमुन्याच्या होत्या म्हणून वाचलो. पण साहेब शेवटी म्हणाले होते, "ही पहिली आणि शेवटची." मग भाऊंनी मला ताडून बघायच्या आधी तारखेची ओळ गाळायला शिकवलं. एका ओळीचं काम होतं.

*

सगळी स्क्रिप्ट चालून संपायच्या आधीच लाईट जायची. आमची बॅटरीही म्हातारी होती. लाईट आली की पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात. मोळी जवळ येत चालली होती आणि आम्ही कधीच शेवटच्या गावापर्यंत पोचत नव्हतो.

एका दिवशी फक्त डोंगरकडा राहिलं होतं. भाऊंनी ओळखीच्या वायरमनला फोन लावला. आवाजात अगदी काकुळती.

"थोडा वेळ लाईट ठेवता येईल का हो? आमचं फक्त डोंगरकडा राहिलंय."

तिकडून वायरमन म्हणाला, "भाऊ, डोंगरकड्याची तर सकाळीच गेली."

आणि आमची गेली.

नंतर शंकरने कुठूनशी ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. खालचा खतवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "वरती नांगरणी चालू हाय."

*

मोळीच्या आदल्या दिवशी सकाळी साहेब आले. या वेळी खुर्चीत बसले, माझ्या शेजारी. भाऊ मागे उभे, ताई भिंतीला टेकलेल्या, शंकर बॅटरीपाशी.

त्याच आठवड्यात साहेबांनी फोनवरून एक छोटी दुरुस्ती सांगितली होती. नदीकाठच्या रानात अमुक जातीचा ऊस असेल, अमुक महिन्यातली लागण असेल आणि ठिबक नसेल, तर तो पहिल्या पंधरवड्यात घ्यावा, कारण तो लोळतो, जमिनीवर आडवा होतो. ताईंनी ती आदल्या संध्याकाळी बसवली होती. ती बसवल्यावर पूर्ण स्क्रिप्ट चालणार होती ती आत्ता, साहेबांसमोर.

"फरक आला तर काय, ते ठाऊक आहे ना?" साहेब म्हणाले.

"हो साहेब," भाऊ म्हणाले.

मी सुरू केली. औंढ्याकडची गावं गेली. ठीक. डोंगरकडा गेलं. ठीक. साहेब बोटांनी टेबलावर ताल धरत होते. कुरुंदा लागलं. ठीक, ठीक, ठीक.

'पंडितराव, कुरुंदा. फरक. आधी: पाचवा पंधरवडा. आता: पहिला पंधरवडा.'

ताल थांबला. नावं पुढे चालली, शेवटपर्यंत सगळी ठीक. शेकडो नावांत एकच फरक.

"नवा नियम आहे ना तो," साहेब म्हणाले. "त्याच्यामुळे असेल."

"व्हय," शंकर म्हणाला. "पर नदीकाठाला तर लई शेतकरी हायेत. एकालाच कसा लागला?"

"पंडितभाऊ?" वंदनाताईंच्या तोंडून गेलं. "ते तर साहेबांचे..." आणि त्या गप्प झाल्या. कुरुंद्यात सगळ्यांना माहीत होतं. पंडितराव म्हणजे साहेबांचे मेव्हणे.

भाऊ माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. ते रागाने नव्हे, खरोखर भिऊन म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणाला होतात, एक जरी फरक दिसला तर... मग हाताने लिहायला सांगायचं का?"

साहेब स्क्रीनकडे बघत होते. चहा कधीच गार झाला होता, तो त्यांनी एका घोटात संपवला.

"तो नियम काढा," ते म्हणाले. "पुन्हा चालवा."

ताई माझ्या जागी बसल्या. नियम निघाला. मी पुन्हा सुरू केली. कुरुंदा आलं, पंडितराव आले. ठीक. शेवटच्या नावापर्यंत ठीक. भाऊंनी सोडलेला श्वास मला मानेवर लागला.

"छापा," साहेब म्हणाले.

शंकरने कागद लावला. प्रिंटर करकर सुरू झाला आणि चिठ्ठ्यांची लांब पट्टी जमिनीवर उतरू लागली. तेवढ्यात फोन वाजला. फोन माझ्याच हाताशी होता.

"साहेबांच्या घरून बोलून राहिले," बाईंचा आवाज. "साहेब तिथंच हायेत न्हवं? आमच्या पंडितची चिठ्ठी पहिल्या पंधरवड्यात निघाली का, इचारा बरं. तो हितं माझ्यापुढंच बसलाय."

मी फोनवर हात ठेवला आणि साहेबांना सांगितलं.

साहेबांनी दोन्ही हात हलवले. "मी नाही इथं. सांग, कॉम्प्युटर बिघडला. म्हणावं, चिठ्ठ्याच निघेनात."

मी फोनवरचा हात काढला आणि म्हणालो, "बाई, कॉम्प्युटर बिघडला. चिठ्ठ्याच निघेनात."

तिकडून बाई म्हणाल्या,

"मंग मागं ते करकर काय वाजून राहिलं?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी प्रिंटरकडे बघितलं. शंकरने खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी उलगडली आणि अलगद प्रिंटरवर पांघरला.