असेल वाकडी

गोविंदकाकांबरोबर सुलतान बाजारात जाणं म्हणजे डोक्याला ताप. मला आणि वासंतीला बांगड्या हव्या असायच्या, आणि तिचे हे वडील भर गर्दीत थांबून दुकानांच्या वरच्या मजल्यांकडे बोट दाखवायचे. "ती साधी कमान. पलीकडचीच्या कडेला पाकळ्या आहेत ना, ती महिरप." मागून ऑटोवाला ओरडत असायचा.

काका आर्किटेक्ट. चिक्कडपल्लीत आमचे शेजारी. त्यांच्यापुढे 'वाकडं' हा शब्द काढायची सोय नव्हती. एकदा गवंड्याने कमानीला टेढी म्हटलं, तर काका भडकले, "टेढी नक्को बोलो मियाँ, खम बोलो!" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "वाकडं म्हणजे चुकलेलं. खम, म्हणजे बाक, निराळा. बाक आहे म्हणून तर कमान उभी राहते." वासंतीच्या पाठीला जन्मापासून बाक होता. हे व्याख्यान कुणासाठी चालायचं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढे शहरात सरळसोट काचेच्या इमारती उठू लागल्या. काकांकडे कामं येईनाशी झाली आणि कॉम्प्युटरवाल्या मुलांना भाव आला. तसलंच एक स्थळ वासंतीला आलं, अमेरिकेला निघालेलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. काकूंनी काकांना बजावलं, "आज तुमच्या कमानीबिमानी नकोत."

पोहे झाले. मुलाच्या आईने विचारलं, "मुलगी जरा वाकडी चालते का हो?"

"नवी चप्पल चावलीय," काकू घाईने म्हणाल्या.

"वाकडी नाही," काका म्हणाले. "पाठीला बाक आहे तिच्या. जन्मापासून."

मुलगा चहाच्या कपात बघत राहिला. मंडळी गेली आणि तासाभरात फोन आला, जमणार नाही म्हणून.

काकू रडायला लागल्या. "एक दिवस गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

काका ताडकन उठले. "गप्प बसून काय होणार होतं? पोरगी वाकडी आहे, ती आहेच!"

मला काकांचा इतका राग कधीच आला नव्हता. वासंती कपबशा गोळा करत होती. हातातली बशी खाली ठेवून ती म्हणाली, "बाक आहे, बाबा."

काका त्यानंतर बरीच वर्षं होते. बाजारातही आमच्याबरोबर यायचे, पण खाली बघून चालायचे. मला ते बघवेना. एकदा मी मुद्दाम वर बोट दाखवलं, "काका, ती वाकडी कमान कसली हो?"

त्यांनी मान वर केली नाही.

"काय की, बेटा," ते म्हणाले. "असेल वाकडी."